झेनॉन की यूव्ही ट्यूब?

गच्चीवरची पाण्याची टाकी किंवा खिडकीची प्लॅस्टिकची चौकट उन्हात किती टिकेल, हे पाहायला पाच-दहा वर्षं कोण थांबणार? म्हणून प्रयोगशाळेत कृत्रिम ऊन पाडतात. त्यासाठी मुख्यतः दोन यंत्रं वापरतात: एक झेनॉन वायूच्या दिव्याचं, दुसरं यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाच्या ट्यूबचं.

झेनॉन दिव्याला योग्य फिल्टर लावला की अतिनील आणि दृश्य प्रकाशात तो खऱ्या उन्हाच्या अगदी जवळ जातो. प्रचलित चक्र असं: 102 मिनिटं नुसता प्रकाश, मग 18 मिनिटं प्रकाशासोबत पाण्याचा फवारा. इथे काळा नमुना पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, जसा तो गच्चीवरही तापतो. रंग उडणं तपासायचं असेल तर मी हेच यंत्र निवडेन, कारण कित्येक रंग दृश्य प्रकाशानेही विटतात. खर्च मात्र जास्त.

यूव्ही ट्यूबचं यंत्र स्वस्त आणि साधं. यूव्हीए-340 ट्यूब 295 ते 365 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात उन्हाशी छान जुळते. 60 अंशांवर 8 तास प्रकाश, मग 50 अंशांवर 4 तास अंधारात नमुन्यावर दव. हे दवच फार मोलाचं, कारण बाहेरही वस्तू रात्रभर दवाने भिजते. चकाकी जाणं, तडे, रंगाची पांढरी भुकटी सुटणं यांसाठी हे उत्तम. यूव्हीबी-313 ट्यूब टाळा: जमिनीवरच्या उन्हात नसलेल्या आखूड लहरी तिच्यात असतात आणि चांगला मालही नापास होऊ शकतो.

‘हजार तास म्हणजे इतकी वर्षं’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर मानू नका. बाहेर टिकलेला ओळखीचा नमुना शेजारी ठेवूनच चाचणी घ्यायला सांगा.