सोलर बसवणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर निवडताना: दीड वर्षाच्या वापरानंतर

आमच्या तीन टीम छतावर काम करतात, ऑफिस मी बघते. आधी चौकशी वहीत, कोटेशन एक्सेलमध्ये आणि साइटचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर असायचे. मग एका ग्राहकाचा इन्व्हर्टर वॉरंटीत असताना बंद पडला. कंपनीने बसवल्याच्या दिवसाचे फोटो मागितले, आणि ते होते काम सोडून गेलेल्या मुलाच्या फोनमध्ये. क्लेम सुटेपर्यंत सात आठवडे त्या छतावर एक युनिट वीज बनली नाही. मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात सॉफ्टवेअर शोधायला घेतलं.

पहिलं डेमो बघून घेतलं. चौकशा, फॉलो-अप, रंगीत आलेख, सगळं होतं. पण ते नेटवर्कशिवाय चालत नव्हतं. पोरं पत्र्यावर उभी राहून सर्व्हेचा फॉर्म भरायची, छताची मापं, सावलीचे फोटो, अर्थिंगची जागा, आणि सेव्ह करताना सगळं गायब व्हायचं. पुन्हा शिडी चढायची. तीन महिन्यांत ते बंद केलं.

दुसऱ्या वेळी डेमो बाजूला ठेवला आणि ट्रायलमध्ये आमचंच एक अडलेलं काम घातलं. 18 पॅनेल 550 वॅटची, म्हणजे 9.9 किलोवॅट. ऐनवेळी माल आला 540 वॅटचा, झाले 9.72. पूर्वी असा बदल आम्ही कोटेशनमध्ये केला होता, नेट मीटरिंगच्या (ग्रिडला दिलेली जादा वीज बिलातून वळती करण्याच्या) अर्जात आणि सिंगल लाइन डायग्राममध्ये (वीजजोडणीच्या आराखड्यात) राहून गेला, आणि अर्ज परत आला. नव्यात पॅनेलचं मॉडेल एका जागी बदललं की मालाची यादी, कोटेशन आणि अर्जाची माहिती सोबत बदलते. डायग्राम मात्र अजून हातानेच दुरुस्त करावा लागतो. वर्षभरात किती वीज बनेल याचा हिशेबही मी त्यात करत नाही, त्याला पीव्हीसिस्ट हे वेगळं सॉफ्टवेअर आहेच. कामाची नोंद ठेवणं आणि विजेचा अंदाज काढणं ही दोन कामं वेगळी आहेत आणि एकाच सॉफ्टवेअरकडून दोन्हीची अपेक्षा धरू नये, असं माझं मत आहे.

सगळ्यात उपयोगी पडलं ते बारकोड स्कॅन. सिरीयल नंबरचा स्टिकर बहुतेक वेळा पॅनेलच्या मागे असतो. पॅनेल स्ट्रक्चरवर आवळलं की तिथे हातही जात नाही, फोन कुठला जाणार? म्हणून सगळे स्टिकर स्कॅन झाल्याशिवाय अ‍ॅप पुढची पायरी उघडतच नाही. सुरुवातीला टीम वैतागली होती. आता पॅनेल उचलायच्या आधी भिंतीला टेकवून ओळीने स्कॅन करतात, दहा मिनिटांचं काम.

पैसे दर माणशी घेतात, तेव्हा हेल्परना वेगळं लॉगिन लागेल का हे आधीच विचारा. आणि पैसे भरायच्या आधी एक्स्पोर्ट करून बघा, ते मी केलं नाही. पॅनेलच्या कामगिरीची वॉरंटी साधारण 25 वर्षांची असते, तेवढी वर्षं आपण हेच सॉफ्टवेअर वापरू असं नाही. आमच्याकडे ग्राहकांची यादी आणि सिरीयल नंबर एका फाइलीत नीट उतरतात, फोटो मात्र एकेक करून काढावे लागतात. तक्रार केली आहे. तोवर दर शुक्रवारी त्या आठवड्याचे फोटो मी स्वतः साइटच्या नावाच्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवते.