नऊ इंची डिफ: आठ महिन्यांनंतर

आधी राग काढून घेतो. गाडीला फोर्डचं नऊ इंची डिफ (मागच्या ॲक्सलमधलं, चाकांना ताकद वाटणारं गिअरचं जुडगं) बसवलं. त्याच्या हाऊसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, ड्रेन प्लग (ऑइल सोडायचं बूच) नाही. एवढा भक्कम ऐवज बनवणाऱ्याला तळाशी एक भोक पाडून त्यात बोल्ट बसवायला काय धाड भरली होती? मागे झाकणही नाही, कारण क्राउन (नऊ इंची मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं चाक) यांचा अख्खा गोळा पुढून निघतो. मग ऑइल बदलायचं तर भरायच्या भोकातून पंपाने ओढा, नाहीतर गोळा सैल करून खाली ट्रे धरा. मी ट्रे धरला. ऑइल ट्रे सोडून सगळीकडे गेलं, बाहीतून पार कोपरापर्यंत. गिअर ऑइलचा तो गंधकी वास दोन आंघोळींनीही जात नाही.

आता हा ॲक्सल का घेतला, ते. आधीचा सी-क्लिपवाला होता, म्हणजे चाकाचा शाफ्ट आतल्या टोकाला C आकाराच्या कडीने धरलेला. एकदा क्लच झटक्यात सोडला, मागे फटाका वाजला आणि उजवं चाक चार बोटं बाहेर. शाफ्ट तुटला की सी-क्लिप धरणार कशाला? नऊ इंचीत शाफ्ट बाहेरच्या टोकाला, बेअरिंगवरच्या प्लेटने धरलेला असतो. आत तुटला तरी चाक जागेवर राहतं. मला तेवढं कारण पुरलं. शेव्हरोलेच्या 12-बोल्ट ॲक्सलचं क्राउन 8.875 इंचांचं, म्हणजे फार लहान नाही, पण मूळ रचनेत तिथेही सी-क्लिपच. डॅना 60 या आणखी दणकट ॲक्सलचं 9.75 इंचांचं, पण ते ओझं मागे नको होतं. शिवाय नऊ इंचीत पिनियनच्या शेपटीलाही बेअरिंग असतं, त्यामुळे जोर आला की पिनियन बाजूला ढकलली जात नाही. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या 2.25 इंच खाली असल्याने दात जास्त घासतात, थोडी ताकद उष्णतेत जाते, हे खरं. घड्याळ लावून पळणाऱ्यांनी त्याची काळजी करावी, मला रस्त्यावर काही जाणवलं नाही.

दुसऱ्या महिन्यात गळती सुरू झाली. रोज सकाळी जमिनीवर रुपयाएवढा डाग. गॅस्केट बदललं, पुन्हा बदललं, विकणाऱ्याशी भांडलो. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही नीट आवळलं नसेल." मी वाटेल ते बोललो. मग एकदा सगळं पुसून, पावडर मारून गाडी फिरवून आणली, तर ओल गॅस्केटला नाहीच, नटांच्या खाली! गोळा धरणारे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) हाऊसिंगच्या आतून येतात, ऑइल आट्यांवरून बाहेर सरकतं. म्हणून दहाही नटांखाली तांब्याचे वॉशर लागतात. मऊ तांबं दाबून बसतं. मी जुन्या डब्यातले लोखंडी लावले होते. दहा वॉशरची बचत! तांब्याचे घातल्यापासून जमीन कोरडी आहे. विकणाऱ्याला फोन करायचा राहिलाय.

आणि इथे माझं मत फिरलं. हौसेने 4.11 रेशोचा गोळा घेतला होता, म्हणजे पिनियनच्या 4.11 फेऱ्यांना चाकाची एक. चौथा गिअर थेट (एकास एक), चाक 26 इंची, म्हणजे ताशी 100 किमीला इंजिन मिनिटाला 3300 फेऱ्यांवर भणभणायचं. शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. पाचव्या महिन्यात 3.50 चा दुसरा गोळा टेबलावर जुळवून घेतला. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) 0.010 इंच, रंग लावून दातांचा ठसा बघितला, मध्यावर आला. पिनियनची खोली तिच्या सपोर्टखालच्या शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने), क्राउनची जागा दोन्ही बाजूंच्या चकत्या फिरवून. झाकणवाल्या ॲक्सलमध्ये हेच काम गाडीखाली उताणं पडून करावं लागतं. इथे दुपारी जुना गोळा काढला, दिवेलागणीला नवा बसला. जड मात्र आहे, जॅकशिवाय हात लावू नका. पहिल्या फेरीला हळू चालवली, मग पूर्ण थंड होऊ दिली. आता त्याच वेगाला 2800 आणि कुठेही घुंई नाही.

शाफ्ट टोकाला 31 दाते असलेलेच घेतले, 35 दात्यांच्या जाड शाफ्टचे पैसे वाचवले. याचा अजून पश्चात्ताप झालेला नाही. वॉशरचा झाला.

राहता राहिला ड्रेन प्लग. गोळा बाहेर होता, हाऊसिंग रिकामं होतं, भोक पाडून एक नट वेल्ड करून घ्यायला तासही लागला नसता. हे सुचलं तेव्हा दहावा नट आवळून झाला होता.