घरांची अदलाबदल: थेट करार, पॉइंट की कंपनीमार्फत?

सुट्टीत तुम्ही आमच्या घरी राहा, आम्ही तुमच्या घरी राहतो. भाडं कुणी कुणाला द्यायचं नाही. युरोपातल्या शिक्षकांनी १९५३ मध्ये ‘इंटरव्हॅक’ हे घरं बदलणाऱ्यांचं जाळं सुरू केलं ते याच बोलीवर. लांब उन्हाळी सुट्टी, बेताचा पगार आणि दोन्हीकडे जुळणाऱ्या तारखा, असं ते गणित होतं. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात ‘होमएक्स्चेंज’ आलं, घरांच्या छापील याद्यांची जागा पुढे वेबसाइटने घेतली, तरी करार बराच काळ तोच राहिला: दोन कुटुंबं, दोन घरं, तारखा एकच.

हा करार कुठे कच्चा आहे ते २०२० च्या मार्चमध्ये, कोरोनाच्या महामारीत कळलं. ११ तारखेला अमेरिकेने युरोपातून येणाऱ्यांवर बंदी जाहीर केली, आठवडाभरात युरोपीय संघाने बाहेरच्या प्रवाशांसाठी दारं लावून घेतली. भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली ती २७ मार्च २०२२ ला पूर्ववत सुरू झाली. थेट अदलाबदलीत एक कुटुंब अडकलं की दुसऱ्याचीही सहल बुडते. पैसे मात्र फारसे अडकत नाहीत. भाडं दिलेलंच नसल्याने परताव्याचा वाद नव्हता. त्याच महिन्यात घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने पाहुण्यांना पैसे परत दिले, यजमान चिडले आणि त्यांच्यासाठी कंपनीला २५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. तेव्हा अदलाबदलीत धोका असतो तो तारखांचा आणि विमानाच्या तिकिटाचा. आज निवड करताना सर्वांत आधी हेच बघा.

थेट अदलाबदल अजूनही चालते, आणि शाळकरी मुलं असलेल्या घराला मला तीच सर्वांत योग्य वाटते. मुलांच्या सुट्ट्या ठरलेल्या, त्यामुळे तारखांची लवचीकता तुम्हाला तशीही नाही. समोरचंही मुलाबाळांचं घर मिळालं तर खेळणी, सायकली, उंच खुर्ची, जिन्याचं फाटक सगळं जागेवर असतं. शिवाय तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात असता तेव्हा ते तुमच्या स्वयंपाकघरात असतात, आणि ही एक गोष्ट दोन्हीकडची भांडी जपते. अट इतकीच की बोलणं निदान सहा-आठ महिने आधी सुरू करायला हवं आणि ‘कुणी आजारी पडलं तर काय’ हा प्रश्न तिकीट काढण्याआधी व्हिडिओ कॉलवर स्पष्ट विचारायला हवा. महामारीपूर्वी हा प्रश्न काढायला लोकांना संकोच वाटायचा. आता तो न विचारणाऱ्याबद्दल मलाच शंका येते.

पॉइंटची पद्धत महामारीच्या आधीची आहे. पॅरिसच्या ‘गेस्टटूगेस्ट’ने ती रुजवली, या कंपनीने २०१७ मध्ये होमएक्स्चेंज विकत घेतलं आणि २०१९ मध्ये दोन्ही एकत्र केली. तुम्ही सासरी गेलेले असताना कुणीतरी तुमच्या घरी राहून जातो, तुमच्या खात्यात पॉइंट जमा होतात, ते तुम्ही नंतर तिसऱ्याच्या घरी वापरता. सीमा बंद झाल्यावर लोकांना हिची खरी किंमत कळली. पॅरिसच्या कुटुंबाला फ्रान्समधल्याच ब्रिटनीच्या किनाऱ्यावर गाडीने जाता येत होतं आणि तिथल्या यजमानाला त्याच आठवड्यात पॅरिसला यायची गरज नव्हती. ज्यांचं दुसरं घर समुद्राकाठी किंवा डोंगरात रिकामं असतं, त्यांच्याकडे पॉइंटचा साठा वाढत जातो. होमएक्स्चेंजची वर्गणी अमेरिकेत वर्षाला २०० ते २५० डॉलरच्या दरम्यान.

उणीव अशी की घराला मिळणारे पॉइंट जागा, आकार आणि सोयींवर ठरतात आणि जुलैमधलं पॅरिस सगळ्यांनाच हवं असतं. ‘पॉइंट आहेत म्हणजे घर मिळेल’ असं धरून चालू नका. दुसरं म्हणजे तुमच्या घरी राहणारा आणि तुम्ही ज्याच्या घरी राहता तो, ही माणसं वेगळी. परस्परांची भीड थोडी पातळ होते. म्हणून पॉइंटवर घर देताना समोरच्याचे आधीचे अभिप्राय जास्त बारकाईने वाचा.

तिसरा मार्ग महामारीनंतरचाच. ‘किंड्रेड’ ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी २०२१ मध्ये सुरू झाली. इथे एक रात्र घर दिलं की एक रात्र मिळते, घर लहान असो वा मोठं. वर्षाची वर्गणी नाही, पण दर रात्रीचं सेवाशुल्क आणि सफाईचे पैसे पाहुण्याने द्यायचे. सफाईवाले कंपनीच पाठवते. नोकरी लॅपटॉपवर चालते आणि महिनाभर दुसऱ्या शहरात राहून काम करायचं आहे, अशा माणसाला हे सोयीचं. एकटे किंवा दोघंच असाल, लहान फ्लॅट असेल, तर पॉइंटपेक्षा इथे न्याय जास्त मिळतो. दोन-तीन रात्रींसाठी मात्र सफाईचा खर्च अंगावर येतो.

सफाईबद्दल थोडं. २०२० मध्ये लोक दोन पाहुण्यांमध्ये दोन-तीन दिवस घर मोकळं ठेवत, दाराच्या मुठीसुद्धा पुसत. एप्रिल २०२१ मध्ये सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षा कमी आहे. तो धाक गेला, पण चादरी कोण धुणार, फ्रिजचा कोणता कप्पा रिकामा करायचा, कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, हे लिहून द्यायची सवय राहिली. ती फार चांगली आहे.

न्यूयॉर्कला जाणार असाल तर अदलाबदलीला आणखी एक कारण आहे. ५ सप्टेंबर २०२३ पासून तिथे ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी अख्खा फ्लॅट भाड्याने देण्यावरच्या बंदीचा कडक अंमल सुरू झाला. बार्सिलोनाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे परवाने संपवायचं ठरवलं आहे. अशा शहरांत अदलाबदलीकडे वळणारे वाढले, यात नवल नाही. तरी स्वतः भाडेकरू असाल तर घरमालकाची परवानगी घ्याच.

न्यू जर्सी, लंडन किंवा अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहणाऱ्या मराठी घराला तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. पहिली अदलाबदल गाडीने दोन-तीन तासांवरच्या गावाशी करा. जमलं नाही तर रात्री घरी परत येता येतं. देव्हाऱ्याचं आधी ठरवा. देव मैत्रिणीकडे ठेवा किंवा ती खोली कुलूपबंद करून तसं साइटवरच्या घराच्या माहितीत स्पष्ट लिहा. शाकाहारी घर असेल आणि त्यात मांसाहार शिजवलेला चालणार नसेल, तर तेही पहिल्याच निरोपात सांगा. समजूतदार माणसाला ते खटकत नाही, आणि ज्याला खटकतं तो आधीच बाजूला होतो.

पुणे किंवा मुंबईतून करणाऱ्याला पॉइंटच्या मागे लागण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत इकडे येणाऱ्या परदेशस्थ कुटुंबाशी थेट ठरवावं, असं माझं मत. त्यांना नातलगांजवळ स्वतंत्र घर हवं असतं, त्यांचं तिकडचं घर त्या दिवसांत रिकामं असतं. कागदपत्रांना वेळ ठेवा. फ्रान्सच्या व्हिसासाठी खासगी घरी उतरणार असाल तर यजमानाला तिथल्या नगरपालिकेतून निवासाचा दाखला काढावा लागतो, त्याला ३० युरो पडतात. इकडे तुमच्या घरी परदेशी नागरिक उतरला की २४ तासांत सरकारी पोर्टलवर कळवायचं असतं. तुम्ही तेव्हा विमानात असाल, म्हणून ते काम कोण करणार हे सोसायटीला पत्र देतानाच ठरवून ठेवा.