इम्पॅक्ट विंडोज: काचेला ५ स्टार, बसवणाऱ्यांना २

फ्लोरिडाच्या मायामी-डेड काउंटीमध्ये (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) घर घेतल्यापासून प्रत्येक वादळाला तेच, गॅरेजमधून शटरचे पत्रे काढा, हरवलेले बोल्ट शोधा, लावा, चार दिवस अंधारात बसा आणि मग सगळं परत काढा. शेवटी वैतागून सगळ्या खिडक्या इम्पॅक्टच्या, म्हणजे शटरशिवाय वादळाचा मार झेलणाऱ्या, करून टाकल्या.

काच एक नंबर. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे फुटली तरी फ्रेम सोडत नाही. पास व्हायला ९ पौंडांचा लाकडी वासा ताशी जवळपास ३४ मैलांनी काचेवर मारतात, वर हजारो वेळा दाब देऊन बघतात. मला आधी हा अतिरेक वाटायचा, पण एक खिडकी गेली की वारा आत घुसून छपराला खालून ढकलतो आणि वरून तर तो ओढतच असतो, मग छप्पर गेलंच समजा. (काचेवर टेपच्या फुल्या मारणाऱ्यांनो, त्याने काही होत नाही.)

आता बसवणारे. नाव देत नाही. काउंटीचा इन्स्पेक्टर आला, खिडकीच्या मंजुरीचा कागद हातात, मोजपट्टी लावून स्क्रूंमधलं अंतर मोजायला लागला आणि बेडरूमच्या खिडकीत दोन स्क्रू कमी निघाले. फेल! कंपनीचा माणूस मलाच म्हणतो, "एवढ्याने काय होतंय?" पुन्हा यायला त्यांनी तीन आठवडे लावले, फोन केला की "उद्या नक्की".

दोन स्क्रूंसाठी एवढं, म्हणून मीही चिडलेलो. पण शेजारचे आजोबा १९९२ ला अँड्र्यू चक्रीवादळाच्या वेळी इथल्याच होमस्टेड गावात होते, ते म्हणाले आमचं छप्पर अशाच "एवढ्याने काय होतंय"मुळे गेलं. तेव्हाचा कोड (बांधकामाचे नियम) कागदावर तसा कडकच होता म्हणे, पण छपराच्या प्लायवूडला खिळ्यांऐवजी स्टेपल मारलेले, त्यातले कितीतरी खालच्या लाकडात गेलेच नव्हते आणि तपासणीही वरवरची. हजारो घरं गेली, विमा कंपन्या बुडाल्या, मग काउंटीने नियम आवळले आणि २००२ पासून अख्ख्या फ्लोरिडाला एकच कोड लागू झाला. हे ऐकल्यावर इन्स्पेक्टरवरचा राग गेला, कंपनीवरचा आहे तसाच आहे.

आवाज मात्र खूप कमी झालाय, रस्त्यावरचे ट्रक ऐकूच येत नाहीत.

आणि हो, विम्यात सूट हवी असेल तर काच असलेलं प्रत्येक दार-खिडकी वादळाला टिकणारं लागतं, म्हणून सगळी आधी यादीत घ्या. आमच्या गॅरेजच्या दारात वर काचेची पट्टी आहे, ती कोणाच्याच लक्षात आली नाही, त्यामुळे खिडक्यांची सूट सध्या लटकलीय.