रुंद पडदा की मोठा टीव्ही?

सिनेमास्कोप (थोडक्यात स्कोप, म्हणजे जास्त रुंद चौकटीचा) पिक्चर असला की टॉकीजमध्ये जाहिराती संपल्यावर दोन्ही बाजूंचे काळे पडदे करकरत मागं सरकायचे. पिक्चर कसाही निघो, त्या सरकण्यातच माझे निम्मे पैसे वसूल व्हायचे. घरातही तसाच रुंद पडदा हवा, हे खूळ तिथलंच. त्यापायी दीड वर्ष ३४ इंची अल्ट्रावाइडवर, म्हणजे नेहमीपेक्षा रुंद पडद्यावर, काढलं. आता हॉलमध्ये साधा १६:९ चा (रुंदी १६ तर उंची ९), ६५ इंची टीव्ही आहे.

२१:९ चा खरा टीव्ही आता दुकानात दिसत नाही. फिलिप्सनं २००९ मध्ये ५६ इंची काढला होता, २०१४ मध्ये सॅमसंग आणि एलजीनं १०५ इंची वक्र पडदे मिरवले, पण ते वारं काही टिकलं नाही. आज आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीत अल्ट्रावाइड मागितलात तर पुढ्यात येतो तो कॉम्प्युटरचा मॉनिटर. मीही तोच घेतला.

आणि खोटं कशाला बोला, पहिल्या रात्री जीव हरखला. दिवे बंद, लॅपटॉप जोडलेला, २.३९ चा (उंचीच्या २.३९ पट रुंद) पिक्चर या कडेपासून त्या कडेपर्यंत. वरखाली काळ्या पट्ट्यांचा मागमूस नाही. खुर्चीत एकट्यानं बसून बघायला अजूनही त्याच्यासारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

मग एकदा टेप घेऊन बसलो. ३४ इंचीची रुंदी भरते ८० सेंटिमीटर. साधा ४३ इंची टीव्ही ९५ चा. म्हणजे पट्ट्या धरूनही स्कोप पिक्चर ४३ इंचीवरच मोठा दिसणार! मॅच १६:९ ची, ती लावली की ३४ चा २७ इंची होतो. आईला जुने मराठी बोलपट लागतात, आणि तेव्हाची चौकट १.३७ ची. प्रभात कंपनी १९२९ मध्ये आपल्याच गावात निघाली, पण तिच्या काळातला पिक्चर या पडद्यावर लावला की चाळीस टक्क्यांहून जास्त जागा काळीच राहते.

हेही मी खपवून घेतलं असतं. घात केला सबटायटल्सनी.

टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक सगळं १६:९ च्या चौकटीत पाठवते. स्कोप पिक्चरच्या वरखालच्या पट्ट्या त्या चौकटीतच असतात. मॉनिटर रुंद, म्हणून तो डावीउजवीकडं आणखी दोन पट्ट्या घालतो. चारी बाजूंनी काळं आणि मधे साठ बाय पंचवीस सेंटिमीटरचं चित्र. देव्हाऱ्यापेक्षा तसबीर लहान, तसला प्रकार. उपाय म्हणून झूम केलं. चित्र भरलं, पण खालची पट्टी पडद्याबाहेर गेली आणि सबटायटल बऱ्याचदा त्या पट्टीतच असतं. बायकोला मल्याळम रहस्यपटांचा नाद. एका रात्री शेवटच्या प्रसंगात दोन ओळींचं सबटायटल आलं. वरची ओळ दिसली, खून केला कुणी ते खालच्या ओळीत! झूम काढा, मागं घ्या, परत लावा, तोवर मजा गेली. दर पिक्चरला रिमोट हातात घेऊन ही कवायत. दुसऱ्याच आठवड्यात ती म्हणाली, "तुमचा पडदा तुम्हीच बघा."

६५ इंचीवर स्कोप पिक्चर १४४ बाय ६० सेंटिमीटरचा पडतो, वरखाली दहा-दहा सेंटिमीटर काळं. सबटायटल जिथं असायचं तिथं असतं, मॅच पूर्ण पडद्यावर आणि आईचे बोलपटही ऐसपैस. पट्ट्यांची म्हणाल तर ते पॅनेलवर आहे. साध्या एलईडीवर अंधारात त्या राखाडी उजळतात आणि नजर तिकडंच जाते. ओएलईडीमध्ये तेवढे पिक्सेल बंदच असतात, त्यामुळं अंधाऱ्या खोलीत पट्टी कुठं संपली आणि भिंत कुठं सुरू झाली ते कळत नाही. माझा ओएलईडी आहे, त्यामुळं माझं मत जरा तिकडं झुकलेलं समजा. बजेट कमी असेल तर टीव्हीमागं एक मंद दिवा लावून बघा, राखाडीपणा बराच मरतो.

प्रोजेक्टर आणि २.३५ चा पडदा हा खऱ्या हौशीचा मार्ग. पण आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला, सातपर्यंत उजेड. तो नाद सोडला.

तुम्ही एकटे राहत असाल, लॅपटॉपवरूनच बघत असाल आणि दिवसा त्याच पडद्यावर काम करायचं असेल, तर अल्ट्रावाइड घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पुतण्या व्हिडिओ एडिटिंग करतो, तो माझा मॉनिटर घेऊन खूश आहे. पण घरात दोनाहून जास्त माणसं बघणार असतील, तर त्याच पैशात जेवढा मोठा १६:९ येईल तेवढा घ्या, असं मला तरी वाटतं.

फक्त आधी शोकेसचा खण मोजा. टीव्ही पावणेपाच फुटी आणि आमचा खण चार फुटी. आठवडाभर तो खोक्यातच भिंतीला टेकून होता, सुताराची वाट बघत.