सायन्सच्या शब्दांचं मूळ शोधायचंय? एटिमऑनलाइन बघाच

इंग्रजी सायन्सचे शब्द कुठून आले हे बघायचं असेल तर एटिमऑनलाइन नक्की वापरा, डग्लस हार्पर यांनी उभी केलेली साइट आहे, फुकट आहे, शब्द टाकला की तो साधारण कधीपासून वापरात आला ते वर्षासकट समोर येतं.

मला सगळ्यात आवडलेला शब्द व्हिटॅमिन. 1912 मध्ये कॅसिमिर फंक हे बायोकेमिस्ट लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये होते, तांदळाच्या कोंड्यातलं बेरीबेरी हा आजार बरा करणारं द्रव्य शोधत होते, त्यांना वाटलं हे अमाइन (म्हणजे नायट्रोजन असलेलं एक प्रकारचं रसायन) आहे म्हणून लॅटिन विटा म्हणजे जीवन, त्याला अमाइन जोडलं आणि झालं व्हिटामाइन (vitamine). पुढे कळलं की अशी सगळी द्रव्यं अमाइन नसतातच, सी व्हिटॅमिनमध्ये तर नायट्रोजनच नाही! मग 1920 मध्ये बायोकेमिस्ट जॅक ड्रमंड यांनी सुचवलं की स्पेलिंगमधला शेवटचा ई काढून टाका, आणि व्हिटॅमिन ए, बी, सी असं म्हणायचंही त्यांनीच सुचवलं. एका अक्षरामागे एवढी केमिस्ट्री, खरंच भारी वाटतं मला.

नोंदी मात्र छोट्या असतात, त्यामुळे बेरीबेरी, कोंडा वगैरे पूर्ण गोष्ट हवी तर अजून वाचावं लागतं. मराठी शब्दांसाठी ही साइट नाही, त्याला कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोशच हवा. बायो, केमिस्ट्री शिकवणाऱ्यांनी तर बुकमार्क करूनच ठेवा. पाचपैकी साडेचार स्टार.