चामडं, लाखकाम की प्लायवूड? घडीचं पार्टिशन घेण्याआधी

हॉलिवूड रिजन्सी, म्हणजे जुन्या हॉलिवूडच्या झगमगाटी सजावटीच्या धाटणीच्या खोलीत घडीचं पार्टिशन हवंच. हॉलिवूडचा नट विल्यम हेन्स १९३० च्या दशकात अभिनय सोडून पूर्णवेळ गृहसजावटीत उतरला आणि तारे-तारकांच्या घरांना जी झळाळी आली, तिचा हा वारसा. पण कुठलं घ्यायचं? माझ्या मते किमतीआधी खोलीतला उजेड पाहावा.

खोली मुख्यतः संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात वापरात असेल तर चामडं बिनधास्त घ्या. बाजूनं दिवा पडला की ठशांची नक्षी उठून दिसते, कडेचे पितळी खिळे चमकतात आणि रंगात एक ऊब येते. ही कला जुनी आहे. स्पेनमधल्या कोर्दोबाचं सोनेरी चामडं शतकानुशतकं नावाजलेलं. त्यातलं ‘सोनं’ बहुधा चांदीचा वर्ख आणि त्यावरचं पिवळं वॉर्निश असतं. नाजूक म्हणाल तर तेही खरं. खिडकीच्या उन्हानं चामडं विटतं आणि सुकतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीची भीती. ओलं फडकं तर लावूच नये. जुना नग घेताना बिजागऱ्यांजवळच्या कडा तपासा. हाताला तांबूस भुकटी लागली तर चामडं आतून कुजतंय. ते पूर्ववत होत नाही, मोह आवरा.

लाखेचं पार्टिशन याच्या उलट. ते उजेड परतवतं, त्यामुळे अंधाऱ्या कोपऱ्यालाही जाग येते. चीनमध्ये सतराव्या शतकापासून बनलेली ‘कोरोमंडल’ नावाची लाखकामाची पार्टिशनं अनेकदा बारा पॅनेलांची असत. फॅशन डिझायनर कोको शनेलनं ती पॅरिसच्या घरात हौसेनं मांडली होती. मात्र त्यावरचं चित्र इतकं बोलकं असतं, की भोवतीचं सामान गप्प ठेवावं लागतं. टवका उडाला तर दुरुस्ती कसबी हातांचीच.

रोज हलवायचं असेल तर चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याचं १९४६ मधलं वळणदार प्लायवूडचं पार्टिशन सोयीचं. त्यात झगमगाट नाही, पण त्या लाटेसारख्या रेषा मला फार आवडतात.

रेक्झिन? दमट खोलीत ते बुरशीला जास्त दाद देत नाही, पण वरचा थर पॉलियुरेथेनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) असेल तर तो काही वर्षांत सोलवटू लागतो. चामड्यासारखं मुरत मात्र नाही.

चामड्याचं पार्टिशन खोलीच्या मधोमध ठेवणार असाल तर मागची बाजू आवर्जून बघा. पुष्कळदा तिथे साधं कापड असतं. मापातही फसू नका: ४५ सेंटिमीटरची चार पॅनेलं सरळ मांडली तर १८० भरतात, पण काटकोनात नागमोडी उभी केल्यावर जेमतेम १२७ सेंटिमीटर झाकतात. तेवढ्यात काम भागत नसेल तर पाचवं पॅनेल आत्ताच बनवून घ्या. नंतर त्याच रंगाचं चामडं जुळणं कठीण.